तळाला ‘अटी लागू’ लिहिलं की झालं?

विमा एजंटांमध्ये एक समज पक्का बसलाय: वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अटी लागू’ टाकलं की नियम पाळले गेले. तसं नाही. नियामक वेबसाइटकडे जाहिरात म्हणूनच बघतात आणि वाचणाऱ्याचा एकूण समज काय होतो ते तपासतात. वर ठळक ‘हमखास परतावा’, खाली फिक्या राखाडीत ‘हमी नाही’, ही दिशाभूलच. क्लेम नाकारल्यावर ग्राहकाला ती ओळ दाखवणं मला तर अन्यायच वाटतो. खुलासा दाव्याच्या शेजारीच हवा, मोबाइलवरसुद्धा. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या मानकात साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो. फिक्या तळटिपा बहुतेक वेळा तिथेच नापास होतात. संमतीची चौकट आधीच टिक करून ठेवणंही बंद करा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये कुकीजसाठीची (वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या फायली) अशी संमती ग्राह्य धरली नाही.