कॉम्प्रेसरमधलं विरजण

ठाण्यातल्या माझ्या मावसभावाच्या एसीचा कॉम्प्रेसर गेल्या वर्षी जळाला. नवा बसवला, तो दहा महिन्यांत गेला. मेकॅनिकने निदान केलं, "व्होल्टेज." शेजारच्या काकूंनी केलं, "दृष्ट." त्यामुळे खिडकीबाहेरच्या युनिटला लिंबू-मिरची टांगलेली होती. आम्ल आत मुरलेलं होतंच, काकूंनी आणखी थोडं बाहेर बांधलं, एवढाच काय तो फरक.

मी दुसऱ्या कॉम्प्रेसरमधलं तेल बाटलीत ओतून घेतलं. कोऱ्या चहासारखं काळपट, आणि वास नाक चुरचुरवणारा, आंबूस. या वासाचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी एक गैरसमज. "एसीतला गॅस संपला" असं आपण सर्रास म्हणतो, पण तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांत कॉम्प्रेसर त्याला दाबून फिरवत राहतो: तो आत उष्णता घेतो, बाहेर टाकतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय. दरवर्षी नुसता गॅस भरून जाणारा माणूस भोक न बुजवता बादली भरतोय. एसी हा खरं तर उष्णता उपसणारा पंप. युरोपात हिवाळ्यात घरं ऊबदार ठेवणारे हीट पंप, आपल्याकडे हॉटेलांच्या गच्चीवर पाणी तापवणारे हीट पंप, सगळे याच कुळातले. दुखणीही तीच.

घरगुती कॉम्प्रेसर म्हणजे वेल्डिंगने कायमचं बंद केलेलं काळं मडकं. त्याच्या पोटात मोटर, गॅस आणि वंगणाचं तेल एकत्र नांदतात. मोटरच्या तांब्याच्या तारेवर इन्सुलेशनचा जो पातळ थर असतो तो कायम तेलाच्या आणि गॅसच्या संगतीत. तेल बिघडलं की मोटर बिघडलीच.

पूर्वी आर-२२ गॅसबरोबर खनिज तेल चालायचं. आर-२२ मध्ये क्लोरीन, म्हणून ओझोनला धोका. १९८७च्या माँट्रियल करारानंतर असे वायू टप्प्याटप्प्याने मागे पडले. त्यांच्या जागी आर-४१०ए, आर-३२ आले. पण हे खनिज तेलात नीट मिसळत नाहीत, आणि न मिसळलेलं तेल नळ्यांत अडकतं, कॉम्प्रेसरपर्यंत परतत नाही. म्हणून पॉलिऑल ईस्टर नावाचं कृत्रिम तेल आलं. गुणी तेल, पण पाण्याचं भारी वेडं. खनिज तेल दशलक्ष भागांत जेमतेम काही डझन भाग पाणी मुरवतं. हे हजाराच्या वर सहज जातं. डबा उघडा ठेवला की पावसाळ्यातल्या मिठासारखं पाणी ओढतं.

आता दहावीचं विज्ञान आठवा. आम्ल अधिक अल्कोहोल, त्यातून ईस्टर आणि पाणी. तो फळांसारखा गोड वास. ही अभिक्रिया उलटीही धावते: ईस्टरला पाणी आणि उष्णता मिळाली की पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल. आपल्या तेलाच्या रेणूच्या मध्यभागी पेंटाएरिथ्रिटॉल हे चार हातांचं अल्कोहोल असतं आणि प्रत्येक हाताला एक मेदाम्ल जोडलेलं. पाण्याचा एक रेणू एक हात सोडवतो. पण कसा? ईस्टरमधल्या कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन चिकटलेला असतो. आसपास हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, असेल तर तो या ऑक्सिजनवर जाऊन बसतो. कार्बनवरचे इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात, कार्बन उघडा पडतो. मग पाण्याच्या ऑक्सिजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी त्याच्यावर चाल करून येते, बंधांची अदलाबदल होते, अल्कोहोलचा हात सुटतो. आणि शेवटी तो प्रोटॉन जसाच्या तसा परत मिळतो! खर्च झालाच नाही. शिवाय नवं आम्ल तयार झालं, तेही हेच काम करायला मोकळं.

म्हणजे हे विरजण आहे. चमचाभर दह्याने पातेलंभर दुधाचं दही होतं, तसं थोडं आम्ल आणखी आम्लाला जन्म देतं. सुरुवातीला काहीच घडत नाहीसं वाटतं, आणि मग वेग वाढत जातो. नऊ महिने बिनतक्रार, दहाव्यात खल्लास, त्याचं कारण हे.

जरा हिशोब करू. पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेत लिटरमागे साधारण २५ मिलिग्रॅम बाष्प असतं. बसवताना नळ्या आणि आतलं कॉइल मिळून लिटर-दीड लिटर हवा राहिली तर अर्धा-पाऊण थेंब पाणी आत गेलं. थेंबाने काय होतंय? अर्धा किलो तेलात ५० मिलिग्रॅमचा एक थेंब म्हणजे दशलक्षात शंभर भाग. आणि पाणी हलकं, आम्ल जड: १८ ग्रॅम पाणी पूर्ण वापरलं गेलं तर अशा तेलांतलं एक मेदाम्ल, पाच कार्बनचं व्हॅलेरिक आम्ल, १०२ ग्रॅम सुटतं. खवट, घामट मोज्यांसारखा वास याच कुटुंबाचा.

हे आम्ल तांबं विरघळवतं आणि ते पोलादी बेअरिंगवर नेऊन चढवतं. मोजून ठेवलेली फट बुजते, घर्षण वाढतं, उष्णता वाढते. तारेचं इन्सुलेशनही खंगतं. शेजारच्या दोन वेढ्यांत ठिणगी पडली की तिच्या तापात गॅसच फुटतो, हायड्रोजन फ्लुओराइड बनतं, तेल काजळतं. मेकॅनिक म्हणतो "वाइंडिंग जळालं." बरोबरच म्हणतो, पण ती शेवटची पायरी.

मग नवा कॉम्प्रेसर येतो आणि जुन्याच नळ्यांना जोडला जातो. त्या नळ्यांच्या आत आंबट तेलाचा थर तसाच. नव्या तेलाला आयतं विरजण! व्हॅक्यूम केला, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा खेचून काढली, तरी ते आम्ल निघत नाही. व्हॅलेरिक आम्ल उकळायला नेहमीच्या दाबाला १८६ अंश लागतात. पाणी मात्र व्हॅक्यूमने निघतं. व्हॅक्यूमचा दाब मायक्रॉन या एककात मोजतात; वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन. तो ३२,००० च्या खाली नेला की पाणी ३० अंशांनाच उकळतं. तेलात मुरलेलं ओढायला ५०० पर्यंत जावं लागतं, आणि साध्या काट्याच्या गेजवर ३२,००० आणि ५०० यांतला फरक जेमतेमच दिसतो. काहीजण तर पंप आणतच नाहीत, थोडा गॅस सोडून "हवा काढली" म्हणतात. बाजारात आम्ल मारणाऱ्या जादुई बाटल्याही मिळतात. ओलावा आणि काजळी तशीच ठेवून नुसती बाटली ओतणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

भावाकडे तिसऱ्या वेळी दुसरा मेकॅनिक आला. त्याने तेलाचा थेंब चाचणीच्या रसायनात टाकला, रंग लगेच बदलला. मग नळ्या धुऊन नायट्रोजनने फुंकल्या, आम्ल आणि पाणी दोन्ही शोषणारा ड्रायर बसवला, डिजिटल गेज लावून पंप चालू केला आणि चक्क जेवायला गेला. वहिनीला वाटलं, हा कामचुकार आहे. गेजवरचा आकडा तोपर्यंत ९००वर आला होता आणि अजून उतरत होता.