भाषणांचे कागद आम्ही दहा दिवस आधी का मागतो
(ऊर्जाधोरण व स्वच्छ ऊर्जा या विषयांवर बडोद्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरवणाऱ्या ग्राहकांसाठी)

बूथ (दुभाष्यांची बंदिस्त खोली), रिसीव्हर (श्रोत्यांनी भाषांतर ऐकायचे यंत्र) आणि दुभाषी आम्ही पुरवतो; त्यांचे बुकिंग बहुतेक आयोजक वेळेवर करतात. घोडे अडते ते कागदांपाशी. वक्त्यांची प्रेझेंटेशन्स आदल्या रात्री मेलवर येतात आणि वर निरोप असतो, ‘दुभाषी मुरलेले आहेत, सांभाळून घेतील.’ भाषा ते सांभाळतातच. आकडे आणि संज्ञा मात्र आयत्या वेळी सांभाळता येत नाहीत, आणि ऊर्जेच्या परिषदेत निम्मे भाषण त्यांचेच असते.

इंग्रजीतले बिलियन म्हणजे 100 कोटी. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये जवळजवळ तसाच ऐकू येणारा शब्द आहे, पण त्याचा अर्थ 1 लाख कोटी. एवढ्याशा चुकीने गुंतवणुकीचा आकडा हजारपट होतो. त्यात आपले वक्ते लाख-कोटीत बोलतात, त्यामुळे वाक्य चालू असतानाच दुभाष्याला शून्ये मोजावी लागतात.

मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांचेही तसेच. पहिली क्षमता, दुसरी प्रत्यक्ष वीज. 1 मेगावॅटचा सौर प्रकल्प 18 टक्के क्षमता-वापराने (वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तर मिळेल त्याच्या 18 टक्के) वर्षाला सुमारे 15.8 लाख युनिट देतो. बॅटरीच्या साठवणुकीत दोन्ही आकडे एकाच ओळीत येतात: 50 मेगावॅट, 200 मेगावॅट-तास, म्हणजे पूर्ण भारावर चार तास. यातला ‘तास’ गळला तर श्रोत्याला काहीच कळत नाही. भारताचे 2030 चे 500 गिगावॅटचे उद्दिष्टसुद्धा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांच्या स्थापित क्षमतेचे आहे, वीजनिर्मितीचे नव्हे.

सगळ्यात फसवा शब्द ‘कर्टेलमेंट’. ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, पेलत नाही म्हणून सौर किंवा पवन प्रकल्पाला निर्मिती कमी करायला लावणे, हा त्याचा अर्थ. तयारी नसलेला दुभाषी पटकन ‘वीजकपात’ म्हणतो आणि सभागृहाला लोडशेडिंग ऐकू येते. वीज जास्त झाल्याची गोष्ट तुटवड्याची होऊन बसते.

म्हणून प्रेझेंटेशन कच्चे असले तरी पाठवा. नंतर बदललेल्या स्लाइडचे फक्त क्रमांक कळवले तरी पुरे. भाषण वाचून दाखवणार असतील तर पूर्ण मजकूर हवाच. वाचताना माणूस सुसाट सुटतो, आणि भाषांतराला मिनिटाला 100 ते 120 शब्दांचा वेग सोसतो. व्हिडिओ असेल तर त्याची संहिता द्या. या कागदांवरून प्रत्येक भाषेची संज्ञासूची आम्ही करतो. तिचे वेगळे पैसे नाहीत, आणि परिषदेनंतर ती तुमच्याकडेच राहते.

‘एका भाषेला दोन दुभाषी कशाला, एक तर बसूनच असतो’ हा प्रश्न नेहमीचा. 20 ते 30 मिनिटांनंतर एकट्याची अचूकता उतरू लागते, म्हणून दोघे आलटून-पालटून बोलतात. बसलेला माणूस तेव्हा सहकाऱ्यासाठी आकडे आणि नावे कागदावर उतरवत असतो. दिवसभराच्या परिषदेला एकच दुभाषी आम्ही देत नाही. दर कमी करून मागितला तरी नाही.

आमचे सभागृहातले रिसीव्हर इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतात. भिंतीपलीकडे आवाज जात नाही, त्यामुळे शेजारच्या दालनातले सत्र मध्ये घुसत नाही. थेट ऊन मात्र त्यांना चालत नाही. खिडक्या मोठ्या असतील तर जाड पडदे लावा. पाहुण्यांना वडोदरा शाखा कालव्यावरचा 10 मेगावॅटचा सौर प्रकल्प दाखवायला नेणार असाल (जानेवारी 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी त्याचे उद्घाटन केले होते), तर तिथल्या उन्हात हे रिसीव्हर मुके होतात. त्यासाठी आमच्याकडे रेडिओवर चालणारे संच आहेत. बसमध्येही तेच लागतात, तेव्हा दौरा असल्याचे बुकिंगच्या वेळीच सांगा.

रिसीव्हर प्रतिनिधींच्या संख्येपेक्षा 10 टक्के जास्त घ्या आणि ओळखपत्र ठेवून घेऊनच द्या. खिशात राहून विमानतळापर्यंत जातात.

दोन दुभाष्यांचा बूथ 1.6 मीटर लांब-रुंद आणि 2 मीटर उंच असतो. त्यातून व्यासपीठ आणि पडदा दोन्ही दिसायला हवेत. मंडपवाल्याला नकाशा देण्याआधी कळवा, आमचा माणूस विनाशुल्क येऊन जागा पाहून जाईल.