लिंबू-मिरचीतलं ‘व्हिटॅमिन सी’ हवेत उडत नाही

शनिवारी सकाळी सोलापुरात नवी पेठेतून चक्कर मारा. चादरीच्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत नवं लिंबू-मिरची टांगलेलं दिसेल: एक लिंबू, सात मिरच्या, कुठे तळाला काळा बिब्बा. त्याबद्दल मोबाईलवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय. म्हणे, दोरा लिंबातला रस शोषतो, त्यातलं व्हिटॅमिन सी हवेत पसरतं आणि डास, जंतू पळतात. पूर्वजांचं विज्ञान!

साफ चूक. व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. हा पांढरा, घन पदार्थ. साधारण १९० अंशांना तो वितळतो आणि वितळतानाच त्याचं विघटन होतं. आपला मे महिना कितीही भाजला तरी तेवढा तापत नाही! लिंबाचा जो वास येतो तो सालीतल्या तेलाचा, व्हिटॅमिनचा नव्हे. मिरचीचं तिखट कॅप्सेसिनही असं सहज उडत नाही. आणि दाराची चौकट उघडीच. एका लिंबाचा वास कितीसा पुरणार?

मूळ समजूत वेगळीच आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त रंजक. लक्ष्मीला गोड आवडतं, तिची थोरली बहीण अलक्ष्मी आंबट-तिखटावर जगते. तिची भूक उंबऱ्याबाहेरच भागवली की ती आत येत नाही. यात डास कुठेच नाहीत.

उतरवलेलं जुनं लिंबू रस्त्यावर पडतं. माणसं वळसा घालून जातात, शेळी मात्र थांबून हुंगते.