वीस हजारांचा आकडा आला कुठून?

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या रक्तपेढ्यांचे फोन वाजू लागतात. विचारणा होते ती प्लेटलेटची. डेंगीच्या रुग्णाचा काउंट (रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधली प्लेटलेटची संख्या) २० हजारांपर्यंत उतरला, की नातेवाइकांपैकी कुणी पपईच्या पानांचा रस काढतं, कुणी ‘एसडीपी’साठी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर घेतलेल्या प्लेटलेटसाठी, डोनर शोधतं. हा २० हजारांचा आकडा मुळात डेंगीचा नाहीच. तो आला रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डातून.

रक्त थांबवण्यात प्लेटलेटचा हात असतो, हे इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखवलं. १९१० मध्ये विल्यम ड्यूक या अमेरिकी डॉक्टरांनी रक्त चढवून काउंट वाढवला आणि रक्तस्राव थांबतो हे सिद्ध केलं. पुढची बरीच वर्षं यातून फारसं काही निघालं नाही. प्लेटलेट साठवायच्या कशात, हाच प्रश्न होता. काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, तेव्हा एका पिशवीतून रक्ताचे घटक वेगळे करणं सोपं झालं.

ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, मुलं तेव्हा रक्तस्रावानेच दगावत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले एमिल फ्रायराइश आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये अशा रुग्णांचे काउंट आणि रक्तस्राव ताडून पाहिले. काउंट जितका खाली, तितका रक्तस्राव जास्त. पण अमुक आकड्याखाली धोका सुरू होतो, अशी रेषा काही त्यांना सापडली नव्हती. शिवाय तापावर ॲस्पिरिन सर्रास दिलं जाई, आणि ते प्लेटलेटचं कामच बिघडवतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तरीही डॉक्टरमंडळींनी २० हजारांची रेषा ओढली आणि ती तीनेक दशकं टिकली!

रक्त फ्रिजमध्ये ठेवतात, मग प्लेटलेट का नाही? १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं की ४ अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या शरीरात फार टिकत नाहीत. २२ अंशांवरच्या टिकतात. म्हणून आजही पिशव्या २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या ट्रेवर असतात. या तापमानाला जंतूही वाढतात, त्यामुळे आयुष्य पाचच दिवसांचं. दिवाळीसाठी गणपतीत साठा करता येत नाही तो यामुळे.

एका रक्तदानातून निघते ती आरडीपी. तिने प्रौढाचा काउंट पाच-दहा हजारांनी वाढतो. एसडीपी मशीनवर एकाच दात्याकडून घेतात, आणि ती साधारण सहा आरडीपींच्या तोडीची. या मशीनचा पूर्वज १९६५ च्या सुमारास फ्रायराइश आणि आयबीएमचे अभियंते जॉर्ज जडसन यांनी घडवला. जडसन यांच्या मुलाला ल्युकेमिया होता.

१९९७ मध्ये इटलीतल्या चाचणीने दाखवलं की ल्युकेमियातही प्लेटलेट द्यायला काउंट १० हजारांवर उतरेपर्यंत थांबलं तरी मोठा रक्तस्राव वाढत नाही. डेंगीचं उत्तर २०१७ मध्ये मिळालं. सिंगापूर-मलेशियातल्या ३७२ प्रौढांचे काउंट २० हजार किंवा त्याखाली होते. निम्म्यांना प्लेटलेट देऊनही रक्तस्रावात म्हणावा असा फरक पडला नाही, उलट ॲलर्जीसारखे त्रास वाढले. रक्तस्राव नसेल तर १० हजारांखालीच विचार करा, असं आपल्याकडच्या राष्ट्रीय सूचनाही सांगतात. डेंगीत खरी नजर ठेवायची ती रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर). ताप उतरल्यावर काउंट बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप चढतो.

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाचा काउंट असा लवकर चढत नाही, आणि सीझनमध्ये त्याच पाच दिवसांच्या साठ्यासाठी तोही रांगेत असतो.