थेबेसच्या चुनखडीवरची शाई: कारागिरांची आणि संन्याशांची

इजिप्तमध्ये लक्झोरसमोर, नाइलच्या पश्चिम काठावरचा थेबेसचा डोंगर चुनखडीचा आहे. तिथल्या दगडी कपच्यांवर शाईने लिहिलेला मजकूर अनेक संग्रहालयांत पाहायला मिळतो. ‘प्राचीन इजिप्तचे लिखाण’ म्हणून या कपच्या सरसकट एकत्र मोजल्या, की दोन वेगळ्या वस्त्यांची सरमिसळ होते. त्यांच्यात दीड हजारांहून जास्त वर्षांचे अंतर आहे.

जुन्या कपच्या देर अल-मदिनाच्या, म्हणजे राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांच्या. लिपी हिएराटिक, म्हणजे चित्रलिपीचे झरझर लिहिण्याचे रूप, उजवीकडून डावीकडे, लव्हाळ्याच्या कुंचल्याने लिहिलेली. मध्येच लाल शाई. यांत कामकाजाच्या नोंदी पुष्कळ. ब्रिटिश म्युझियममधल्या एका कपचीवर दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षातले खाडे मांडले आहेत: कोण आजारी, कोणाला विंचू चावला, कोण घरी बिअर करत होता.

दुसऱ्या, कॉप्टिक भाषेतल्या कपच्या मुख्यतः इ.स. सातव्या-आठव्या शतकांतल्या. तोवर त्याच डोंगरातल्या जुन्या थडग्यांत ख्रिस्ती संन्यासी राहू लागले होते आणि लिहायला दगड दाराशीच पडलेला होता. भाषा इजिप्शियनच, तिची शेवटची अवस्था. लिपी मात्र ग्रीक, जोडीला डेमोटिक या जुन्या इजिप्शियन लिपीतून घेतलेली सहा अक्षरे. लेखन बोरूने, डावीकडून उजवीकडे, बहुधा सुट्या अक्षरांत. यातले काहीच वाचता न येणाऱ्यालाही मोडी आणि बाळबोध शेजारी ठेवावी तसा फरक दिसतो. आरंभी क्रूस असेल तर शंकाच नको.

मला मात्र जास्त ओढ वाटते ती कॉप्टिक कपच्यांवरच्या पत्रांतल्या माणसांची. काही जण पपायरस मिळाला नाही, म्हणून दगडावर लिहिल्याबद्दल क्षमा मागतात! आठव्या शतकातला फ्रांगे हा संन्यासी अमेनेमोपेच्या थडग्यात राहून कापड विणायचा, पुस्तकांचे काम करायचा आणि सतत पत्रे लिहायचा. तिथे सापडलेल्या शेकडो लेखांतून त्याची देवघेव, तगादे, आशीर्वाद, रुसवे कळतात. अशी ओळख हजेरीच्या यादीतून होत नाही.

जागेवरून काळ ठरवू नये. देर अल-मदिनातल्या हाथोर देवीच्या देवळाचेही पुढे चर्च झाले होते. कारागिरांच्या नोंदींत निदान बऱ्याचदा राजाच्या कारकिर्दीचे वर्ष असते; संन्याशांच्या पत्रांत तारीख क्वचितच. तिथे हस्ताक्षर आणि नावे जुळवावी लागतात: पत्रात जवळच्या हर्मोंथिस गावचा बिशप अब्राहम आला, तर काळ साधारण इ.स. ६००च्या आसपासचा.