मुघल चित्रांतल्या ‘नर्तकी’ नेमक्या कोण?

मुघल चित्राखाली ‘कथक नर्तकी’ अशी पाटी दिसली की जरा थांबावं. अकबराच्या दरबारात नाचणारे-गाणारे सगळे एका मापाने मोजले जात नव्हते. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने ‘आईन-इ-अकबरी’त त्यांची वर्गवार यादीच दिली आहे. ध्रुपद गाणारे कलावंत, रणातल्या वीरांची स्तुती गाणारे पंजाबी ढाढी, नकला करणारे भांड, बहुरूपी, दोरावर चालणारे नट, हातचलाखीचे बाजीगर. गुजरात-माळव्याकडे पुरुष मोठे ढोल वाजवत आणि बायका गाता गाता अंगावर बांधलेल्या टाळांच्या तेरा जोड्या वाजवत. कंजरी जमातीत पुरुष पखवाज-रबाब धरत, बायका गात-नाचत; अकबराने त्यांना ‘कंचनी’ हे नाव दिलं. मराठी वाचकाची फसगत ‘कलावंत’ शब्दावर होते. आपल्याकडची कलावंतीण मनात ठेवून तो वाचला, तर गवयाच्या जागी नाचणारी उभी राहते.

याच ग्रंथात ‘अखाडा’ येतो, म्हणजे अमीर-उमरावांच्या घरची रात्रीची मैफल. चौघी नाचायला, चौघी गायला, चौघी टाळ धरायला. दोन पखवाज, दोन उपंग. दख्खनी रबाब, वीणा आणि ‘यंत्र’ नावाचं तंतुवाद्य प्रत्येकी एक. शिवाय नाचणाऱ्या-गाणाऱ्यांच्या वर्तुळाजवळ दिवे घेऊन दोघी उभ्या. हा हिशेब हाताशी असला की चित्राच्या कडेला दिवा धरून उभी असलेली बाई नुसती दासी वाटत नाही; तीही मैफलीचाच भाग असते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या ‘अकबरनामा’च्या, म्हणजे अकबराच्या कारकिर्दीच्या इतिहासाच्या, प्रतीत माळव्याच्या नर्तकी अकबरापुढे नाचताना दिसतात. आखणी केसव कलानची, रंगकाम धर्मदासाचं. प्रसंग १५६१ चा. सारंगपूरजवळ माळव्याचा सुलतान बाजबहादूर हरला, त्याचा नाटकशाळेसारखा जनाना अकबराचा सरदार अधम खान याच्या हाती लागला आणि त्याने तो आग्र्याला न पाठवता स्वतःकडेच ठेवला. अकबर तडक माळव्यात येऊन थडकला, तेव्हा लूट बाहेर निघाली. त्यातूनही अधम खानाने दोघी पळवल्या. त्या परत सापडल्यावर, आता या तोंड उघडतील म्हणून त्याची आई, अकबराची दाई माहम अनगा, हिने दोघींना मारून टाकलं. अबुल फजलने हे लिहून ठेवलं आहे. चित्रात मात्र ठेका, गिरकी आणि तृप्त बादशहा, एवढंच. म्हणून हे चित्र मैफलीपेक्षा विजयाची पावती म्हणून वाचावं. बाजबहादूर पुढे स्वतः अकबराच्या चाकरीत आला आणि ‘आईन’मधल्या गवयांच्या यादीत त्याचंही नाव आहे.

त्याच प्रतीत माहम अनगाच्या थोरल्या मुलाच्या लग्नाचं चित्र आहे. तिथल्या नर्तकींच्या डोक्यावर तुर्की धाटणीच्या उंच टोप्या आहेत. मध्य आशियातून आलेली ही तऱ्हा आणि हिंदुस्थानी घागरा-चोळी, दोन्ही एकाच पिढीत दरबारात नांदत होत्या. तेव्हा नाच ओळखताना पायांच्या ठेवणीआधी डोकं आणि हातातलं वाद्य पाहावं.

बादशाही चित्र-कारखान्यात एका पानावर दोघे-तिघे काम करत. ‘तरह’ म्हणजे आखणी ज्येष्ठाकडे, ‘अमल’ म्हणजे रंगकाम दुसऱ्याकडे, महत्त्वाचे चेहरे कधी तिसऱ्याकडे. चेहरा खास काढायचा तो बादशहाचा, सरदाराचा, फार तर नामवंत वादकाचा. चित्रकार मन्सूरने काढलेला, वीणा खांद्यावर घेतलेला नौबत खान कलावंत असाच ओळखू येतो. नर्तकींचे चेहरे बहुधा साच्यातले. चित्रकाराचं कसब दिसतं ते झिरझिरीत पेशवाजात, म्हणजे पायघोळ झग्यात: आधी अंग आणि सुरवार पूर्ण रंगवायची, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात फिरवायचा, मग चुण्यांवर दाट पांढऱ्या रेघा. पांढरा शिशाचा असला तर हवेतल्या गंधकाने तो काळवंडतो आणि मलमलीवर मळकट डाग दिसू लागतात.

शाहजहानच्या काळी कंचनींना जनान्यातल्या जत्रांतही प्रवेश होता. औरंगजेबाने तो बंद केला. तरी जुनी वहिवाट म्हणून त्या दर बुधवारी आम-खासमध्ये, म्हणजे दरबाराच्या दिवाणखान्यात, येत, लांबूनच सलाम करत आणि लगेच निघून जात, असं फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो.

मुहम्मदशाहच्या दिल्लीत त्यांना पुन्हा नावं मिळाली. निजामाबरोबर दख्खनेतून आलेल्या दर्गाह कुली खानाने १७४० च्या आसपासची ही दिल्ली टिपली आहे. त्याची नूरबाई हत्तीवरून फिरते. आणि अद बेगम मैफलीत सुरवार न घालताच येते. पायांवर सुरवारीची नक्षी इतकी बारीक रंगवलेली, की बघणाऱ्याला कापडच वाटावं.