भाकरी, पिठले, पालेभाजी : रात्रीच्या साध्या जेवणामागचा इतिहास

दिवसभराचे काम आटोपून घरी आल्यावर पाऊण तासात होईल, पाकिटातील कशाचीही गरज पडणार नाही आणि पोटाला जड होणार नाही असे जेवण कोणते, असे महाराष्ट्राच्या पठारी भागात कोणालाही विचारले तर बहुतेक वेळा ज्वारीची भाकरी, पिठले, एखादी पालेभाजी आणि कांदा हेच उत्तर मिळते. हे जेवण परंपरेने चालत आले आहे असे आपण सहज म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. परंतु ज्या अर्थाने ते आज सोपे आहे त्या अर्थाने ते फार जुने नाही. त्यातील जिन्नस शतकानुशतके ताजे होते, मात्र ते ताजे राहावेत म्हणून घरातील बायका पहाटेपासून राबत होत्या. ताजेपणा आणि सोपेपणा एकाच ताटात आले ते विसाव्या शतकात, आणि ते कसे आले हे पाहिल्याशिवाय आजच्या साध्या जेवणाविषयीची चर्चा अपुरी राहते.

दख्खनच्या ताटाचा सर्वांत जुना ठोस पुरावा पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावात सापडतो. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे तेथे उत्खनन केले आणि साधारण इसवी सन पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरांमधील चुली, धान्य साठवण्याच्या जागा आणि जळालेले दाणे यांवरून त्या लोकांच्या आहाराची बरीच कल्पना येते. त्यांचे मुख्य धान्य जव होते. त्याखेरीज गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ ही धान्ये व कडधान्ये तेथे होती. कोकणातील घरांत आजही रात्री कुळथाची पिठी आणि गरम भात केला जातो. त्यातील कुळीथ तीन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनी शेतकऱ्यालाही ओळखीचा होता, ही गोष्ट मला कोणत्याही राजवंशाच्या वंशावळीपेक्षा मोलाची वाटते.

ज्वारी मूळची आफ्रिकेतील. ती भारतात प्राचीन काळीच आली आणि पुढे दख्खनच्या काळ्या जमिनीत अशी रुजली की ती येथलीच वाटावी. याचे कारण जमिनीच्या स्वभावात आहे. सोलापूर, धाराशिव, बीड या भागांत पाऊस बेभरवशाचा असतो, पण खोल काळी माती पावसाळ्यातील ओल धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, त्या ओलीवर आणि हिवाळ्यातील दवावर वाढून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. दाणा माणसांना आणि कडबा जनावरांना अशी दुहेरी सोय दुसऱ्या कोणत्याही पिकाने या कोरडवाहू मुलखाला दिली नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या मालदांडी ज्वारीतून सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रात ‘मालदांडी ३५-१’ हा वाण निवडण्यात आला आणि १९३० च्या दशकापासून तो पसरला. चवीच्या बाबतीत भाकरी खाणारा माणूस अजूनही त्याच्याच नावाने ज्वारी मागतो.

ताटातील बाकीचे पदार्थ मात्र एकाच वेळी आलेले नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळात, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचल्या गेलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. त्यात डाळी आहेत, हिंग आणि मिरी आहे, तळलेले आणि भाजलेले पदार्थ आहेत. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि शेंगदाणा यांचा मात्र मागमूस नाही, कारण ही सारी पिके अमेरिका खंडातील आणि तेव्हा ती भारतात पोहोचलेलीच नव्हती. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि घाटावर येऊन इतकी स्थिरावली की आज ठेच्याशिवाय भाकरीची कल्पना करवत नाही. त्यापूर्वी तिखटपणा मिऱ्यांचा आणि पिंपळीचा होता. विकतच्या मिऱ्यांऐवजी परसात लावता येईल असे झाड मिळाल्याने गरिबाच्या घरी तिखट स्वस्त झाले, आणि मिरचीच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराचे मुख्य कारण मला हेच दिसते. शेंगदाण्याचे पीक एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर पसरले आणि त्याचे तेल व कूट दोन्ही स्वयंपाकघरात आले. म्हणजे शेंगदाण्याचे कूट घातलेली मेथीची भाजी, लसूण-मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची भाकरी या ताटात तीन खंडांतील पिके एकत्र बसलेली आहेत.

हे जिन्नस ताटापर्यंत पोहोचवण्याचे खरे काम जात्यावर होत असे. खालचा दगड स्थिर, वरचा खुंट्याने फिरवायचा, मधल्या तोंडात मुठीमुठीने दाणे घालायचे आणि कडेने पडणारे पीठ गोळा करायचे, हे काम पहाटे कोंबडे आरवण्याच्या सुमारास सुरू होई. कष्टकरी घराला रोज काही शेर पीठ लागे आणि ते रोजच दळावे लागे. एकदाच आठवड्याचे दळून का ठेवत नसत, याचे उत्तर ज्वारीच्या दाण्यात आहे. दळताना दाण्यातील अंकुराचा भागही पिठातच राहतो. त्यातील स्निग्धांशाला हवा लागली की पीठ हळूहळू कडवट होऊ लागते. शिवाय पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणजे ते एकजीव राहत नाही आणि भाकरी थापताना कडा फाटतात. गव्हातील चिकटपणा ज्वारीत नसतो, त्यामुळे ज्वारीच्या भाकरीला ताज्या पिठाची गरज चपातीपेक्षा कितीतरी अधिक असते.

भाकरी करताना पाहिले की ही गोष्ट स्पष्ट होते. परातीत पीठ घेऊन त्यात कढत पाणी ओतले की पिठातील पिष्टाचा काही भाग तिथेच शिजून चिकट होतो आणि विरीची उणीव त्याने काही अंशी भरून निघते. मग तळहाताच्या मागच्या भागाने रेटून रेटून पीठ मऊ होईपर्यंत मळायचे, एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा, खाली कोरडे पीठ पसरायचे आणि बोटांनी कडेपासून थापत गोल वाढवत न्यायचे. तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर राहते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरते वाळण्याआधीच भाकरी उलटायची. उशीर झाला तर भेगा पडतात आणि वाफ धरली जात नाही. शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी केली की ती टम्म फुगते आणि तिचा पापुद्रा सुटतो. मिठाखेरीज यात काहीही मिसळलेले नसते, आणि बऱ्याच घरांत मीठही घालत नाहीत.

जात्याभोवती या श्रमांबरोबर एक मोठे वाङ्मय जन्माला आले. जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस आणि सासुरवास हे सारे आहे. गी पॉतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे संकलन वाचताना ताज्या पिठाची किंमत कोणी मोजली हे विसरता येत नाही. ‘पूर्वीचे लोक किती साधे आणि सकस खात’ असे म्हणणाऱ्यांनी या ओव्या जरूर वाचाव्यात असे मला मनापासून वाटते.

ताज्या भाज्यांची गोष्टही अशीच दुपदरी आहे. पावसाळा आणि हिवाळा हे पालेभाज्यांचे दिवस. शेतात तांदुळजा, अंबाडी, चाकवत, मेथी, शेपू आणि ज्वारीच्या शेतात घेतलेल्या करडईचा कोवळा पाला मिळे. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की हिरवे काही उरत नसे. त्या महिन्यांसाठी हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवत, डाळींचे सांडगे घालत. पिठले हा पदार्थ या तुटवड्यातूनच घरोघरी पक्का झाला. घरात भाजी नाही, पाहुणा दारात आला आहे, अशा वेळी फोडणीत कांदा-लसूण परतून पाणी उकळायचे आणि त्यात हरभऱ्याच्या डाळीचे पीठ वैरायचे. दहा-पंधरा मिनिटांत कालवण तयार. आज आपण ज्याला झटपट म्हणतो त्याचा हा आपला जुना नमुना आहे आणि तो गरजेने घडवला आहे.

या साऱ्यात पहिला मोठा बदल पिठाच्या गिरणीने केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांत आणि बाजारपेठेच्या गावांत इंजिनवर चालणाऱ्या गिरण्या दिसू लागल्या. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि देशी बनावटीचे डिझेल इंजिन विहिरीवर जसे पोहोचले तसेच गिरणीवरही पोहोचले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याबरोबरच राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव वीज गेल्यावर जाते कोपऱ्यात गेले, ते लग्नातील हळदीपुरते उरले. गिरणीची थोरवी अशी की तिने बाईचे पहाटेचे कष्ट वाचवले, पण धान्य घरचेच राहिले. आपण निवडलेली ज्वारी डब्यात भरून न्यायची, समोर दळून घ्यायची आणि गरम पिठाचा डबा घरी आणायचा, ही पद्धत ताजेपणा न गमावता श्रम कमी करणारी आहे. माझ्या मते घरच्या स्वयंपाकाच्या इतिहासात गिरणीचे स्थान कुकर आणि गॅस यांच्याही वरचे आहे, आणि तिच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे.

इंधनाचा बदल त्यानंतरचा. चुलीवरून शेगडी, शेगडीवरून वातीचा किंवा पंपाचा स्टोव्ह आणि तेथून गॅस असा शहरी घरांचा प्रवास झाला. स्वयंपाकाचा गॅस १९५० च्या दशकात मुंबईत मिळू लागला. खेड्यांत तो मोठ्या प्रमाणावर जायला मात्र २०१६ ची उज्ज्वला योजना उजाडावी लागली. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकरचे उत्पादन सुरू झाले आणि त्याने रात्रीच्या जेवणाचे वेळापत्रक बदलले. तुरीच्या डाळीला चुलीवर तासभर लागे आणि सतत लक्ष द्यावे लागे. कुकरच्या एका भांड्यात डाळ, दुसऱ्यात तांदूळ आणि वरच्यात बटाटा ठेवून तीन शिट्ट्यांत वरण-भात होऊ लागला. नोकरी करणाऱ्या बायकांच्या पहिल्या मोठ्या पिढीने संध्याकाळचा स्वयंपाक जमवला तो या भांड्याच्या आधाराने.

याच काळात धान्य मात्र बदलत होते. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. त्याचे उत्पादन जास्त होते, पण खरिपाचे पीक काढणीच्या वेळी पावसात सापडले की दाणा काळा पडे, आणि त्याच्या भाकरीला शाळूची गोडी नव्हती. मग १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर सुकडी, म्हणजे धान्याच्या पिठाचे पोषक मिश्रण, वाटली गेली, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळू लागली. त्या मिलोच्या भाकरीची आठवण त्या पिढीतील माणसे आजही काढतात. दुष्काळानंतर रेशनमधून स्वस्त गहू आणि तांदूळ नियमित मिळत गेले, सिंचनाच्या भागात ऊस आला, आणि महाराष्ट्रातील ज्वारीचे क्षेत्र, जे एके काळी साठ लाख हेक्टरच्या घरात होते, ते आज त्याच्या निम्म्याच्याही खाली आहे. गरिबाची म्हणून हिणवली गेलेली भाकरी महाग झाली आणि चपाती रोजची झाली. १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली, तेव्हा हे जेवण अजून सर्वसामान्याचे मानले जात होते; आज तेच हॉटेलात चढ्या दराने मिळते.

तयार खाण्याची बाजारपेठ या पोकळीत शिरली. दोन मिनिटांच्या नूडल्स १९८३ मध्ये भारतात आल्या, १९९१ नंतर पाकिटातील कणीक, तयार मसाले, गोठवलेल्या पोळ्या आणि नुसते गरम करायचे पदार्थ दुकानांत वाढले. वेळ वाचवण्याचे त्यांचे आश्वासन खरे होते, पण गिरणी आणि कुकर यांच्याप्रमाणे त्यांनी घरचे धान्य घरचे ठेवले नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मॉन्तेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची विभागणी पोषकद्रव्यांऐवजी त्यावरील प्रक्रियेच्या प्रमाणावर करावी असे सुचवले, आणि २०१४ मध्ये ब्राझील सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शिकेने ती दृष्टी स्वीकारली. या विभागणीत ज्वारी, डाळ, पालेभाजी आणि घरी किंवा गिरणीत दळलेले पीठ पहिल्याच, म्हणजे अत्यल्प प्रक्रियेच्या गटात येते. तेल आणि मीठ दुसऱ्यात. आणि पाकिटातील नूडल्स शेवटच्या गटात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शक सूचनांतही अतिप्रक्रियायुक्त पदार्थ कमी खाण्याचा स्पष्ट सल्ला आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून शहरांत ज्वारीची मागणी पुन्हा वाढलेली दिसते. त्यातील बरीच मागणी ज्वारीच्या बिस्किटांची आणि तयार पोह्यांची आहे, याची मला काळजी वाटते, कारण धान्य बदलले तरी साखर, चव आणणारी द्रव्ये आणि पाकीट तेच राहते. दुसरीकडे अनेक घरांत घरघंटी आली आहे. रविवारी ज्वारी निवडून ठेवायची, आठवड्यातून दोनदा लागेल तेवढेच पीठ काढायचे, शनिवारच्या बाजारातली मेथी निवडून कापडात गुंडाळून ठेवायची, आणि रात्री एका बाजूला तवा व दुसऱ्या बाजूला पिठल्याची कढई चढवायची, असा क्रम तिथे बसला आहे. पिठले, भाकरी आणि भाजी मिळून अशा घरात पाऊण तास लागतो, आणि भाकरी थापण्याचे काम आता काही घरांत पुरुषही शिकत आहेत.